टकळीची शाळा

हातसुताने देशाची कापडाची गरज भागेल, असे आज कोणी म्हणत नाही. चरखा गावोगावच्या बेकारीवर उतारा ठरेल, ही आशाही मागे पडली. गांधीजींनी चरख्यावर टाकलेले हे दोन मोठे भार उतरले आहेत. उरली आहे ती आश्रमांतली प्रार्थनेनंतरची कताई, २ ऑक्टोबरचा सूतकताईचा कार्यक्रम आणि पुतळ्याला घालायचा सुताचा हार. त्यामुळे कातणे ही संपलेली, केवळ आदराने जपून ठेवायची गोष्ट आहे, असा बहुतेकांचा समज झाला आहे. मला नेमके उलट वाटते. पोटासाठी कातण्याची सक्ती संपली म्हणूनच कातणे आता शिकण्यासारखे झाले आहे. मन एका जागी आणण्याचा अभ्यास म्हणून ते शिकावे, आणि मुलांच्या शिक्षणातले एक भक्कम साधन म्हणूनही. मात्र त्यासाठी ते देव्हाऱ्यातून बाहेर काढून पुन्हा कसब म्हणून हातात घ्यावे लागेल.

कातताना नेमके काय होते, ते आधी पाहू. कापसाचा तंतू जेमतेम इंचभर लांबीचा. कापूस पिंजून, काडीवर गुंडाळून त्याचा पेळू केला तरी त्यात जोर नसतो. दोन बोटांनी ओढला की सुटून येतो. त्याला बळ येते ते पिळाने. पीळ बसला की तंतू एकमेकांवर दाबले जातात आणि मग ओढले तरी सरकत नाहीत. इंचभराच्या तंतूंपासून मैलभर लांबीचा धागा होतो तो एवढ्या एका गोष्टीवर. टकळी म्हणजे चकतीतून गेलेली एक तार, तिच्या टोकाला धागा अडकवायला खाच. उजव्या हाताने ती फिरवायची, डाव्या हातात पेळू धरायचा. टकळीचा पीळ धाग्यातून वर चढत डाव्या हाताच्या चिमटीपाशी येतो. चिमूट आवळलेली असेल तोवर तिथे थांबतो, सैल केली की पेळूत शिरतो. सगळे कसब या चिमटीत आहे. पीळ लवकर आत शिरला तर पेळू आवळतो आणि पुढे ओढला जात नाही. उशीर झाला तर धागा विरतो आणि तुटतो.

यातली सर्वांत सुंदर गोष्ट पुढेच आहे. पीळ नेहमी आधी बारीक जागी जातो; जाड जागा तेवढी सैल राहते. अशा वेळी धागा हलक्या हाताने ताणला तर आवळलेली बारीक जागा जशीच्या तशी राहते, सैल जाड जागा मात्र लांबते, बारीक होते आणि मग तीही पीळ घेते. धागा आपला आपण सारखा होत जातो. कातणाऱ्याने घाई करायची नाही, एवढेच त्याचे मागणे.

वर्ध्याजवळच्या एका शाळेत सहावीच्या मुलांसोबत टकळी घेऊन बसलो होतो. एका मुलीचा धागा सारखा तुटत होता. तिने पेळू बदलून पाहिला, मग शेजारच्या मैत्रिणीची टकळी मागून घेतली. तरी तेच. मग ती थोडा वेळ नुसती मैत्रिणीच्या बोटांकडे बघत राहिली. पुन्हा टकळी फिरवली, चिमूट दाबून धरली, जराशी थांबली, सोडली आणि हात वर नेला. हातभर धागा न तुटता निघाला. ‘‘मी पीळ यायच्या आधीच ओढत होते नं सर,’’ ती म्हणाली. मी तिला काहीच सांगितले नव्हते.

चूक दाखवली ती धाग्याने, आणि सुधारल्याची पावतीही धाग्यानेच दिली. आपल्या शाळांत चूक दाखवण्याचा मक्ता शिक्षकाच्या लाल पेनाकडे असतो. मूल वहीतले गणित सोडवते आणि ते बरोबर आहे की नाही हे विचारायला टेबलापाशी जाऊन उभे राहते. ज्या कामात वस्तूच उत्तर देते, त्या कामात मुलाला विचारायला कुठे जावे लागत नाही. स्वतःच्या कामाचा न्याय स्वतः करण्याची सवय लागणे, हे मी शिक्षणाचे मोठे फळ मानतो. आजच्या अभ्यासक्रमात त्याला जागा शोधावी लागते.

ध्यानाचा मुद्दाही इथेच येतो. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात लोक दहा दिवस मौन पाळून श्वासाकडे पाहत बसतात. त्या साधनेविषयी मला आदर आहे. श्वास पाहताना मन भटकते, ते भटकले होते हे परत आल्यावर कळते, आणि किती भटकले होते याची खूण मागे राहत नाही. सुतात ती राहते. कातलेले सूत टकळीवरून गुंडाळण्यासाठी फाळक्यावर घेताना ते नजरेखालून जाते: इथे सारखे, इथे बोटाला लागणारी गाठ, इथे पीळ जास्त होऊन वेटोळे झालेले, मग पुन्हा लांबवर सारखे. गाठ दिसली की कित्येकदा त्या क्षणी डोक्यात काय चालले होते तेही आठवते. फोन वाजला होता, कुणाचा तरी राग आला होता, उद्याच्या कामाची यादी सुरू झाली होती. लक्षाची अशी लेखी नोंद ठेवणारे काम मला दुसरे माहीत नाही.

म्हणून कातण्याला ध्यान म्हणायला माझी हरकत नाही, पण ध्यानासाठी कातू नये. मनःशांतीच्या शिबिरांचा हल्ली मोठा बाजार आहे. मातीकाम, विणकाम, रंगकाम, सगळे ताण घालवण्याचे उपाय म्हणून विकले जाते. चरखाही त्या रांगेत जाऊन बसू लागला आहे. तिथे पहिली चूक होते ती ही की, सूत कसे निघाले हे कोणी विचारत नाही. कसे वाटले, एवढेच विचारतात. आपल्याला शांत वाटते आहे का, हे चाचपत बसणाऱ्याचे लक्ष स्वतःवर असते, सुतावर नसते, आणि धागा लगेच तसे सांगतो. मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने माणूस कामात हरवून जातो त्या अवस्थेचा आयुष्यभर अभ्यास केला. त्याने तिच्या ज्या अटी सांगितल्या त्यांत मुख्य या: उद्दिष्ट स्पष्ट असावे, चुकले की बरोबर हे लगोलग कळावे, आणि काम आपल्या कसबाला जेमतेम पेलेल इतके अवघड असावे. कातण्यात तिन्ही आहेत. पण उद्दिष्ट सूत हेच असायला हवे. चांगले सूत काढायचे मनावर घेतले की शांतता मागून येते. तिची आठवणही त्या वेळी नसते.

हे आपल्याला परके नाही. कापूस बोटांनी ओढून समईच्या वाती वळणारी, श्रावणात वस्त्रमाळ करणारी आजी ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी कातण्याचा पहिला धडा पाहिलेला आहे. जानव्याचे सूत टकळीवर काढून त्याला तिपेडी पीळ देणारे आजोबाही फार जुन्या काळातले नाहीत. माणदेशात मेंढरांमागे चालता चालता लोकर कातणारे धनगर आणि त्या लोकरीची घोंगडी विणणारे सणगर यांचे ज्ञान तर कुणी पुस्तकात घातले नाही, तरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. या तिन्ही ठिकाणी सूत तेच, पीळ तोच. फरक जातीने पाडला. वात वळणे पुण्य ठरले, घोंगडीसाठी कातणे हलके काम. शाळेत एका बाकावरची सगळी मुले टकळी घेऊन बसली, तर निदान त्या तासापुरता हा फरक पुसला जातो. ज्याच्या घरी हात चालतात, त्याचे मूल तिथे पुढे असते. हे दृश्य वर्गात एरवी क्वचित दिसते.

शाळेत कातणे आणण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न वर्ध्यातूनच झाला. ऑक्टोबर १९३७ मध्ये तिथे शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि तिने नई तालीमचा अभ्यासक्रम आखला. सेवाग्रामला आर्यनायकम पती-पत्नींनी तो चालवून दाखवला. विनोबांनी ‘मूलोद्योग : कातणे’ हे पुस्तकच लिहिले. कल्पना अशी, की उद्योग हा एक जास्तीचा विषय म्हणून न ठेवता गणित, भूगोल, इतिहास, भाषा सारे त्याच्यातून उगवावे. ही कल्पना पोकळ नव्हती, याची खात्री करून घ्यायची असेल तर सुताच्या नंबरापासून सुरुवात करावी. नंबर वाढतो तसे सूत बारीक होते. मुलांना हे आधी उलटे वाटते, आणि त्यातूनच व्यस्त प्रमाण कळते. २० नंबरचे एक ग्रॅम सूत सुमारे ३४ मीटर भरते. म्हणजे हजार मीटरची गुंडी ३० ग्रॅमच्या आत-बाहेर. आता कापड घ्या. सेंटिमीटरला १५ उभे आणि १५ आडवे धागे धरले, तर एका चौरस मीटरला ३००० मीटर सूत लागते. सदऱ्याला दोन चौरस मीटर धरा. मुलाने आपण तासाला किती मीटर काततो ते मोजायचे आणि अंगातल्या सदऱ्याला किती तास लागले असते ते काढायचे.

उत्तर आले की वर्ग गप्प होतो, आणि मग प्रश्न सुरू होतात. दुकानात सदरा एवढा स्वस्त कसा मिळतो? हे सूत कोण काढते? इथून जेम्स हारग्रीव्ह्जच्या ‘जेनी’ या सूतयंत्राकडे जाता येते, मुंबईच्या गिरण्यांकडे आणि १९८२ च्या संपाकडे जाता येते. अमेरिकेतल्या यादवी युद्धाकडे जाता येते: १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस अडला, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली, आणि १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली. यवतमाळच्या मुलाला आपल्या बापाच्या शेतातल्या बोंडाचा भाव न्यूयॉर्कच्या बाजारावर का हलतो, हे कळायला यापेक्षा चांगली वाट नाही. आज विदर्भातली बहुतेक मुले कापूस वेचलेला पाहतात, गाडीत भरून जिनिंगला गेलेला पाहतात. त्याचा धागा होताना पाहिलेली मुले फार थोडी. कापूस पिकवणाऱ्या घरातले मूल कापसाला फक्त क्विंटलच्या भावाने ओळखते, ही मला शेतीच्या दुर्दशेइतकीच शिक्षणाची दुर्दशा वाटते.

मग नई तालीम टिकली का नाही? समितीच्या वेळापत्रकात साडेपाच तासांच्या शाळेतले ३ तास २० मिनिटे उद्योगाला दिलेले होते, आणि मुलांच्या कामातून शिक्षकाचा पगार निघावा अशी अपेक्षा होती. परिषदेतच अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी या स्वावलंबनाच्या कल्पनेला विरोध केला होता. माझ्या मते तो विरोध बरोबर होता. सूत विकून शाळा चालवायची म्हटले की मूल किती शिकले यापेक्षा त्याने किती कातले हे महत्त्वाचे होते. पुढे स्वातंत्र्यानंतर टकळीचा तास पुष्कळ शाळांत आला. जुन्या पिढीतले लोक पेळू आणि टकळी दप्तरात नेल्याच्या आठवणी सांगतात. त्या तासात अनेक ठिकाणी पेळू वाईट असत, शिकवणाऱ्याला स्वतःला कातता येत नसे, आणि गणिताचा सुताशी संबंध कोणी जोडत नसे. उरला तो नुसता हातांना कामाला लावणारा तास. कोठारी शिक्षण आयोगाने कार्यानुभवाची कल्पना मांडली, टकळी मागे पडली आणि कार्यानुभवाच्या नावाखाली कागदी फुले आली.

रवींद्रनाथांनी हे फार आधी ओळखले होते. १९२५ मध्ये त्यांनी चरख्याच्या पंथावर कडक लेख लिहिला. सगळ्यांनी एकच हालचाल दिवसेंदिवस करत राहावी, यातून मन जागे होणार नाही, बधिर होईल, असा त्यांचा आक्षेप होता. गांधीजींनी त्याला उत्तर दिले. पण त्याच सुमारास काँग्रेसमध्ये जे घडले ते कवीच्या बाजूने साक्ष देते. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला, गांधीजी अध्यक्ष असलेल्या एकमेव अधिवेशनात, दरमहा २००० वार सूत ही सभासदत्वाची अट झाली. स्वतः कातायचे नसेल तर दुसऱ्याने कातलेले सूत देण्याची मुभा होती. वर्ष संपायच्या आत पाटण्याला ती अट सैल करून चार आण्यांचा पर्याय द्यावा लागला. सक्तीचे सूत विकत घेतले जाते. मनाच्या अभ्यासात सक्ती चालत नाही, हे बेळगावने दाखवून दिले.

तरी रवींद्रनाथांच्या आक्षेपाचा दुसरा भाग मला पटत नाही. कातणे म्हणजे तीच ती हालचाल, हे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते. पेळूचा प्रत्येक इंच वेगळा असतो. एके ठिकाणी तंतू दाट, दुसऱ्या ठिकाणी विरळ, मध्येच सरकीचे टरफल, हवेत ओल असली तर ओढ वेगळी. बोटांना सतत निर्णय घ्यावे लागतात. तोच तोपणा यंत्रात असतो, कारण गिरणीत पेळू आधीच एकसारखा केलेला असतो आणि माणसाकडे उरते ते तुटलेले सांधण्याचे काम. शिवाय हातांनी शिकण्यावर स्वतः रवींद्रनाथांचाच केवढा विश्वास होता, ते १९२२ मध्ये त्यांनी उभारलेल्या श्रीनिकेतनात दिसते. त्यांचा राग हातावर नव्हता, एकाच मंत्रावर होता. तो मंत्र आता कोणी म्हणत नाही.

त्याहून खोल आक्षेप डॉ. आंबेडकरांचा. यंत्राने माणसाला फुरसत दिली आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही. गांधीवाद गरिबाला पुन्हा पशूच्या कष्टात लोटतो, असे त्यांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात म्हटले आहे. या म्हणण्याला उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही, कारण ते खरे आहे. १९३० च्या दशकात विनोबांनी नुसत्या कताईच्या मजुरीवर जगून पाहिले तेव्हा ती मजुरी किती तुटपुंजी आहे हे उघड झाले, आणि १९३५ मध्ये गांधीजींच्या चरखा संघाला कातणाऱ्या बायांचे दर वाढवण्याचा ठराव करावा लागला. जनाबाईने दळताना विठ्ठल पाहिला म्हणून जात्याचे गोडवे गाऊ नयेत; दळण तिच्या वाट्याला आले ते ती दासी होती म्हणून. कातण्याचेही तसेच. ज्या बाईला आठ तास कातल्याशिवाय चूल पेटवता येत नाही, तिला ध्यान शिकवायला जाणे हा अपमान आहे. तिला चांगला दर आणि चांगले यंत्र मिळाले पाहिजे.

पण आंबेडकरांच्या म्हणण्याचा पुढचा टप्पा आज आपल्यासमोर उभा आहे. यंत्राने फुरसत दिली. त्या फुरसतीचे आपण काय केले? ती आपण दुसऱ्या यंत्राच्या स्वाधीन केली, जे आपले लक्ष क्षणाक्षणाला तोडून त्यावर पैसा कमावते. बारा वर्षांच्या मुलाला पंधरा मिनिटे एका गोष्टीवर टिकता येत नाही, अशी तक्रार प्रत्येक पालक करतो, आणि करताना स्वतःही फोनकडे बघत असतो. फुरसतीतून संस्कृती घडायची असेल तर लक्ष आपल्या ताब्यात असावे लागते. कातणे मी त्या बाजूला ठेवतो: फुरसतीतले, स्वखुशीचे, आपले लक्ष परत आपल्या हाती आणणारे काम. आंबेडकरांनी मागितलेल्या संस्कृतीशी त्याचे भांडण नाही.

पोटाचे कातणे आणि शिकण्याचे कातणे वेगळे केले की अवजारही वेगळे निवडावे लागते. चरखा संघाने १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. आठ तासांत १६,००० वार चांगले सूत निघावे, अशी त्यातली एक अट. किर्लोस्करवाडीच्या गणेश भास्कर काळे यांनी मोठ्या कल्पकतेने एक चरखा तयार केला, पण तो अटींत पूर्ण बसला नाही. पुढे अनेक चात्यांचा अंबर चरखा आला. मजुरीसाठी हा प्रवास योग्यच होता. शिकणाऱ्याला मात्र मागे यायला हवे, टकळीपर्यंत. अंबर चरख्यात ओढ आणि पीळ दोन्ही यंत्र सांभाळते. टकळीवर दोन्ही बोटांकडे असतात. टकळी मंद आहे, आणि शिकताना मंदपणाच उपयोगी पडतो, कारण काय चुकते आहे ते दिसायला वेळ मिळतो. हात बसला की पेटी चरखा घ्यावा. तिथे उजवा हात चक्र फिरवतो, डावा ओढतो, आणि दोन्ही हातांचा मेळ जमवण्याचा नवा अभ्यास सुरू होतो.

मोठ्या माणसाला सुरुवात करायची असेल तर खर्च अगदी किरकोळ आहे. एक टकळी आणि चांगले पेळू. पेळू चांगले असण्यावर मी जोर देतो, कारण कातणे सोडून दिलेल्या बहुतेकांनी दोष स्वतःच्या हाताला दिला आणि तो होता दाबून घट्ट झालेल्या, शिळ्या पेळूचा. वर्ध्याच्या गोपुरीला ग्रामसेवा मंडळ आहे, जवळच १९३८ पासूनचे मगन संग्रहालय आहे, सेवाग्राम आहे. तिथे जाऊन कातणाऱ्याच्या शेजारी एक दुपार बसावे. रोज पंधरा-वीस मिनिटे पुरेत, पण सूत साठवून विणायला द्यावे. कापडापर्यंत न जाणारे सूत हळूहळू हौसेचे होते, आणि हौसेच्या सुतातली गाठ कोणाला टोचत नाही.

राहिल्या शाळा. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवसांच्या दप्तराविना शाळेची सोय केली आहे. वर्धा, यवतमाळ, अमरावती, अकोला या जिल्ह्यांतल्या शाळांनी ते दिवस कापूस वेचणीच्या हंगामात घ्यावेत. पहिल्या दिवशी शेतात जाऊन बोंडे आणावीत, पाटावर लोखंडी सळई फिरवून सरकी काढावी, कापूस पिंजावा, पेळू मुलांनीच करावेत, मग टकळी. गुण देऊ नयेत, स्पर्धा लावू नये, भाषण ठेवू नये. धागा तुटला तर शिक्षकाने सांधून देऊ नये. आणि मुलांच्या हाती टकळी देण्याआधी त्या शिक्षकाने स्वतः एक गुंडी सूत कातलेले असावे. तेवढे करायची तयारी नसेल, तर हा तास वेळापत्रकात घालू नये.